कमी जमिनीसाठी ट्रॅक्टर आणि भरवशाचा विक्रेता कसा निवडावा

पहिल्यांदा ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी बहुधा एकच प्रश्न असतो: "किती एचपीचा घेऊ?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर कामांची यादी, जमिनीची मापे आणि औजारांची रुंदी या गोष्टी हाती आल्यावरच देता येते, आणि तेही अर्धेच. कारण उरलेले अर्धे उत्तर ज्याच्याकडून ट्रॅक्टर घ्यायचा त्या विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये मिळते. दोन-तीन एकरांपासून पंधरा एकरांपर्यंत जमीन असलेल्या आणि याआधी स्वतःचा ट्रॅक्टर कधीच नसलेल्या वाचकांसाठी हे लिहीत आहे. मी स्वतः पहिल्या खरेदीत क्रम उलटा धरला होता. आधी यंत्र पसंत केले, नंतर त्याला औजारे जुळवत बसलो, आणि विक्रेता कसा आहे हे ट्रॅक्टर बंद पडल्यावर कळले. तोच क्रम सरळ करून पुढे मांडला आहे.

पहिली पायरी: कामांची यादी आणि शेताची मापे

एक वही घ्या आणि वर्षभरात ट्रॅक्टरने करायचे प्रत्येक काम तीत लिहा: कोणते काम, किती क्षेत्रावर, कोणत्या हंगामात, आणि ते उरकायला प्रत्यक्षात किती दिवस मिळतात. यातला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. वाहतुकीचे काम दोन दिवस पुढे गेले तरी फारसे बिघडत नाही, पण वाफसा कोणासाठी थांबत नाही. पेरणीपूर्व मशागतीला चारच दिवस मिळत असतील, तर ट्रॅक्टरची क्षमता त्या चार दिवसांवरून ठरवावी लागते, वर्षाच्या सरासरीवरून ती ठरवता येत नाही.

खोल नांगरटीसारखे एखादे जड काम वर्षातून एकदाच येत असेल, तर तेवढ्यासाठी मोठा ट्रॅक्टर घेण्यापेक्षा ते भाड्याने करून घेणे बहुतेक वेळा परवडते. उलट गवत कापणे, फवारणी, खत-माती वाहणे अशी हलकी पण वारंवार येणारी कामे हाच छोट्या शेतावरच्या ट्रॅक्टरचा रोजचा उद्योग असतो, आणि निवड त्या कामांभोवती झाली पाहिजे.

यादी झाली की मोजपट्टी घेऊन शेतात जा. फाटकाची रुंदी, पिकांच्या किंवा झाडांच्या दोन ओळींतील अंतर, सर्वांत खाली आलेल्या फांदीची उंची, ओळ संपल्यावर वळायला मिळणारी जागा, उताराचा भाग आणि ट्रॅक्टर उभा करायच्या शेडच्या दाराची उंची ही सर्व मापे त्याच वहीत लिहून ठेवा. माहितीपत्रकात ट्रॅक्टरची उंची दिलेली असते, पण ती कधी स्टिअरिंगपर्यंत मोजलेली असते, तर कधी चालकामागच्या संरक्षक कमानीपर्यंत. कमान उभी असताना ट्रॅक्टर शेडमध्ये जात नाही, हे तो घरी आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दुसरी पायरी: औजाराच्या रुंदीवरून वेळेचा हिशेब

हा हिशेब अगदी सोपा आहे, तरीही तो फार थोडे लोक करतात. औजाराची कामाची रुंदी मीटरमध्ये आणि चालण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये घेऊन दोन्हींचा गुणाकार करा व त्याला १० ने भागा. ताशी किती हेक्टर काम होईल ते मिळते. मात्र वळणे, एकमेकांवर येणारे पट्टे, अडकलेला काडीकचरा काढणे यांत वेळ जातोच, म्हणून आलेल्या आकड्याचा तीन-चतुर्थांश भागच खरा धरावा.

समजा, १.२ मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी ३ किलोमीटर वेगाने चालवला. गुणाकार ३.६, भागाकारानंतर ०.३६ हेक्टर, आणि त्याचा तीन-चतुर्थांश म्हणजे ०.२७ हेक्टर. एका हेक्टरचे २.४७ एकर होतात, म्हणजे ताशी सुमारे दोन-तृतीयांश एकर. पाच एकर उरकायला साडेसात तास लागतील. आता १.८ मीटरचा रोटाव्हेटर त्याच वेगाने चालवला तर ताशी एक एकर होईल आणि पाच एकरांना पाच तास लागतील. म्हणजे पुष्कळ मोठा, जड आणि महाग ट्रॅक्टर घेऊन वाचले ते अडीच तास. ज्याला मशागतीला चार दिवस मिळतात, त्याने या अडीच तासांची किंमत स्वतःच ठरवावी. छोट्या शेतावर ताकद कमी पडल्याच्या तक्रारींपेक्षा अवजड यंत्राने ओळींत वळता न येणे, बांधालगतचा पट्टा सुटणे आणि जमीन दाबली जाणे या तक्रारी मला अधिक गंभीर वाटतात, कारण दबलेली माती मोकळी व्हायला पुढचे हंगाम जातात.

तिसरी पायरी: एचपीचा आकडा नीट वाचणे

माहितीपत्रकावर ठळक छापलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. रोटाव्हेटर, गवत कापणी यंत्र, फवारणी पंप अशी फिरणारी औजारे चालतात ती पीटीओ दांड्यावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या, इंजिनाची शक्ती औजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि तेथपर्यंत पोहोचणारी शक्ती गिअर व पंपांतील घट वजा जाता साधारणपणे इंजिनाच्या ८५ ते ९० टक्के उरते. ३० एचपीच्या ट्रॅक्टरकडून पीटीओवर २५ ते २७ एचपी मिळतील असे धरावे. नांगरासारख्या ओढायच्या औजारासाठी उपलब्ध होणारी शक्ती त्याहूनही कमी असते, कारण तिचा काही भाग चाके घसरण्यात आणि भुसभुशीत मातीतून ट्रॅक्टर स्वतःच पुढे जाण्यात खर्ची पडतो. म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना पीटीओ शक्तीची तुलना पीटीओ शक्तीशीच करावी. काही माहितीपत्रकांत आकडा किलोवॅटमध्ये असतो; एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७३५.५ वॅट आणि ब्रिटिश पद्धतीची अश्वशक्ती म्हणजे ७४५.७ वॅट, तेव्हा किलोवॅटच्या आकड्याला ढोबळमानाने १.३५ ने गुणले की काम भागते.

कंपनीचा दावा आणि चाचणीत सिद्ध झालेला आकडा यांतला फरक फार जुना आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये ट्रॅक्टर चाचणीचा कायदा केला आणि १९२० पासून तेथे चाचण्या सुरू झाल्या. विल्मॉट क्रोझिअर या शेतकरी-आमदाराला स्वतःच्या शेतावर निकृष्ट ट्रॅक्टरांचा ताप सोसावा लागला होता, त्यातून तो कायदा पुढे आला. त्या कायद्याची मला विशेष वाटणारी बाब अशी, की विकणाऱ्याने सुट्या भागांचा पुरेसा साठा राज्यात ठेवला पाहिजे ही अटही त्यात होती. शक्तीची खात्री आणि सुट्या भागांची खात्री या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला एकत्रच लागतात, हे तेव्हाच ओळखले गेले होते. आज अनेक देशांत ओईसीडी या संघटनेच्या संहितेनुसार किंवा सरकारी चाचणी केंद्रांत ट्रॅक्टरांची तपासणी होते. पसंत पडलेल्या मॉडेलचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा आणि त्यात पीटीओ शक्ती, उचल क्षमता व इंधनाचा खप हे तीन आकडे आवर्जून पाहावेत.

चौथी पायरी: औजार आणि ट्रॅक्टर यांची जोड

ट्रॅक्टरच्या मागे दिसणारे तीन दांडे, खालचे दोन आणि वरची टॉप लिंक, ही हॅरी फर्ग्युसन यांची देणगी आहे. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती रचना सर्वदूर पोहोचली. औजार नुसते मागे बांधून ओढण्याऐवजी या दांड्यांवर जोडले की मातीत ओढताना येणाऱ्या ताणाचा काही भाग मागच्या चाकांवर वजन म्हणून येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही चांगली पकड धरतो. छोट्या ट्रॅक्टरला मोठे काम जमते त्यामागे ही रचना आहे.

या जोडणीची ठरलेली मापे असतात आणि त्यांना कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी १ मध्ये खालच्या दांड्यांची पिन सुमारे २२ मिलिमीटरची आणि टॉप लिंकची १९ मिलिमीटरची असते. कॅटेगरी २ मध्ये त्याच पिना अनुक्रमे २८ आणि २५ मिलिमीटरच्या असतात. अगदी लहान ट्रॅक्टरांसाठी यापेक्षा छोटी कॅटेगरी ० असते. औजारे शेजाऱ्याकडून मागून आणायची असतील किंवा जुनी घ्यायची असतील, तर आपल्या परिसरात कोणत्या कॅटेगरीची औजारे सहज मिळतात हे आधी पाहावे.

उचल क्षमता वाचताना ती कोठे मोजली आहे हे पाहिल्याशिवाय आकड्यावर जाऊ नये. दांड्यांच्या टोकाशी मोजलेली क्षमता नेहमी जास्त भरते. टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेली क्षमता कमी असते, पण औजाराचे वजन प्रत्यक्षात तेवढ्याच मागे पडत असल्याने खरी उपयोगाची तीच आहे.

पीटीओबाबत दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, दांड्याचा प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे हा असतो. तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो? कमी फेऱ्यांवरही ५४० देणारी काटकसरीची सोय असेल, तर फवारणीसारख्या हलक्या कामात डिझेल वाचते. दुसरी, क्लच दाबल्यावर पीटीओ थांबतो का? एकेरी क्लचच्या साध्या रचनेत क्लच दाबताच चाकांबरोबर औजारही थांबते, आणि दाट गवतात किंवा ढेकळांत ते अडकले की पुन्हा चालू करताना इंजिन गुदमरते. दुहेरी क्लचमध्ये पायडल अर्धे दाबले की चाके थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो. स्वतंत्र पीटीओ असेल तर त्याला क्लचशी देणेघेणेच नसते. ज्याचे निम्मे काम फिरत्या औजारांवर आहे त्याने एकेरी क्लच टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे पहिल्याच हंगामात त्रासाच्या रूपाने परत जातात.

गिअरचा ट्रॅक्टर की हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता तेलाच्या दाबावर चाके चालवणारा), याचे उत्तर कामाच्या यादीतच असते. नांगरट, वखरणी, ट्रॉली ओढणे ही कामे गिअरच्या ट्रॅक्टरवर कमी इंधनात होतात. पुढे लोडर लावून माती उचलणे, झाडांभोवती गवत कापणे यांत सतत पुढे-मागे करावे लागते, तेथे हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर पायाच्या दाबावर चालतो आणि क्लच झिजत नाही. गिअरचा घेतला तर सर्वांत हळू गिअरचा वेग पाहून घ्या. रोटाव्हेटरला ताशी दोन-तीन किलोमीटरचा वेग पूर्ण इंजिन फेऱ्यांवर मिळाला पाहिजे.

चारही चाकांना शक्ती देणारा ट्रॅक्टर उतारावर, चिखलात आणि लोडरच्या कामात निश्चितच वरचढ ठरतो. सपाट, निचऱ्याच्या जमिनीवर हलकी कामे करणाऱ्याला दोनच चाकांना शक्ती देणारा पुरतो, तो आखूड जागेत सहसा सहज वळतो आणि त्याची देखभालही कमी असते. चार चाकांच्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरांच्या घेराचे प्रमाण जुळवलेले असते, म्हणून मनाला येईल त्या मापाचे टायर बदलून चालत नाही, आणि पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांची शक्ती बंदच ठेवावी लागते.

सुरक्षेत तडजोड करू नका. चालकामागची संरक्षक कमान आणि सीट बेल्ट ही जोडी आहे; ट्रॅक्टर उलटला तर कमान चालकापुरती जागा राखते आणि बेल्ट त्याला त्या जागेत धरून ठेवतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी संरचना सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तेथे ठळकपणे घटले. फांद्यांखालून जाण्यासाठी दुमडता येणारी कमान घेतली, तर ती दुमडलेली असताना बेल्ट लावू नये, कारण मग तो चालकाला यंत्राखालीच जखडून ठेवतो. फांदी मागे पडली की कमान लगेच उभी करावी. पीटीओ दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण शाबूत असलेच पाहिजे. मिनिटाला ५४० वेळा फिरणारा दांडा सैल बाही ओढून घेतो तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

मागे जड औजार उचलल्यावर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला हवा, अन्यथा स्टिअरिंग हलके पडते. त्यामुळे पुढे लावायची वजने किमतीत धरली आहेत का, हेही विचारून घ्या.

पाचवी पायरी: नवा की वापरलेला

वापरलेला ट्रॅक्टर हा छोट्या शेतकऱ्यासाठी उत्तम पर्याय असू शकतो, पण तो थंड असताना पाहावा. मी एकदा ठरलेल्या वेळेवर पोहोचलो तेव्हा इंजिनावर हात ठेवला, तर ते चांगलेच गरम लागले. "आत्ताच पाणी मारून धुतला" असे मालक म्हणाला, पण धुतल्याने इंजिन गरम होत नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता गेलो. बॅटरी ठीक होती, स्टार्टर जोमाने फिरत होता, तरी इंजिन चौथ्या प्रयत्नात पकडले आणि पांढऱ्या धुराचा लोट बराच वेळ विरला नाही. तो ट्रॅक्टर मी घेतला नाही.

धुराचा रंग बरेच काही सांगतो. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर टिकून राहिला तर डिझेल पुरते जळत नाही किंवा आत पाणी शिरते आहे. ओझ्याखाली थोडा काळा धूर चालतो, पण मोकळ्या ट्रॅक्टरचा काळा धूर एअर फिल्टर किंवा पंपाकडे बोट दाखवतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण हळूच सैल करून पाहा. तेथून जोराने वाफारा येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. ऑइलचा रंग दुधी असेल तर आणखी पाहण्याची गरजच नाही.

तासांचे मीटर बदलता येते, पायडलांवरची झीज बदलता येत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पायडलांवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील, सीटखालचा पत्रा घासून चकचकीत झाला असेल आणि मीटर मात्र सातशे तास दाखवत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. जड औजार पूर्ण उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. औजार हळूहळू खाली बसत असेल तर लिफ्टमधील सील किंवा व्हॉल्व्ह गळते आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा, म्हणजे किंगपिन (पुढचे चाक ज्या खुंटीभोवती वळते ती) आणि बेअरिंगचा ढिलेपणा हाताला जाणवेल. पीटीओ दांड्याचे दाते बोटाने चाचपा. डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा लावून पाहा. शेवटी चेसिस आणि इंजिनाचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहा आणि यंत्रावर कोणाचे कर्ज उरले नाही याचा लेखी दाखला घेतल्याखेरीज पैसे देऊ नका.

वापरलेला घेताना एक नियम मी पाळतो: ज्या मॉडेलचे सुटे भाग आजही जवळपास मिळतात, तेच घ्यायचे. भाग मिळत नसलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी तो अखेर शेडच्या कोपऱ्यातच उभा राहतो.

सहावी पायरी: विक्रेत्याची पारख

माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक सील ऐन पेरणीच्या आधी गेले. भाग लहान होता, किंमत किरकोळ होती आणि बसवायला अर्धा दिवस पुरला असता. ज्याच्याकडून ट्रॅक्टर घेतला होता त्याच्याकडे तो भाग नव्हता. मागवतो म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला, आणि अकराव्या दिवशी भाग आला तो चुकीच्या मापाचा. यंत्रात मोठा दोष नव्हता. मी शोरूम पाहून विक्रेता निवडला होता आणि वर्कशॉपमध्ये पाऊलही टाकले नव्हते. तेव्हापासून मी उलट दिशेने जातो.

आधी सुट्या भागांच्या काउंटरवर जा, तेही हंगामाच्या धामधुमीत. तुमच्या मनातल्या मॉडेलसाठी ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, हायड्रॉलिक फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट आणि लिफ्टचा सील-संच हे सहा भाग मागा. पहिले चार रोजच्या देखभालीचे आहेत. ते फळीवर नसतील तर तो विक्रेता ट्रॅक्टर विकतो, सांभाळत नाही, असे समजावे. शेवटचे दोन नसतील तर किती दिवसांत येतील ते विचारा, आणि उत्तर देणारा माणूस संगणकात किंवा नोंदवहीत पाहून सांगतो की सवयीने "दोन दिवसांत" म्हणतो, याकडे लक्ष द्या.

मग वर्कशॉपमध्ये या. दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरांच्या टायरांखाली गवत उगवले आहे का, जॉब कार्डावरच्या (दुरुस्तीच्या नोंदपत्रावरच्या) तारखा किती जुन्या आहेत, उघडलेल्या इंजिनावर कापड झाकले आहे का, काढलेले नट-बोल्ट डब्यात वेगळे ठेवले आहेत की जमिनीवर पसरले आहेत, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. मेकॅनिक किती वर्षे तेथे आहेत हे त्यांनाच विचारा. दर हंगामाला मेकॅनिक बदलत असतील तर तुमच्या यंत्राची ओळख असलेला माणूस तेथे कधीच तयार होत नाही. अनेक देशांतील उत्सर्जन नियमांमुळे सुमारे १९ किलोवॅटच्या वरच्या नव्या इंजिनांना बहुधा काजळी गाळणारे फिल्टर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. असा ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर दोष शोधण्याचे संगणकीय उपकरण आणि ते वापरणारा प्रशिक्षित माणूस वर्कशॉपमध्येच आहे ना, याची खात्री करा.

जुन्या ग्राहकांची नावे विक्रेत्याकडून घ्या, पण एवढ्यावर थांबू नका. तो आपली चांगली नावेच देणार. परिसरात त्याच रंगाचा ट्रॅक्टर चालवणारे दोघे-तिघे स्वतः गाठा आणि शक्यतो तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षात असलेल्यांशी बोला. पहिल्या वर्षी सगळेच समाधानी असतात, कारण वॉरंटी चालू असते आणि काही बिघडलेले नसते. त्यांना एकच प्रश्न विचारा: "शेवटचा बिघाड झाला तेव्हा ट्रॅक्टर किती दिवस उभा होता?" मत विचारले की लोक भिडेने चांगले बोलतात, दिवस विचारले की नेमका आकडा सांगतात.

चांगला विक्रेता ओळखण्याची आणखी एक खूण आहे. तुम्ही आत गेल्यावर तो जमीन किती, माती कशी, उतार आहे का, औजारे कोणती, असे विचारतो का? माझा दुसरा ट्रॅक्टर मी ज्याच्याकडून घेतला त्याने माझी वही चाळली, ओळींचे अंतर पाहिले आणि मी मागितलेल्या मॉडेलऐवजी त्याहून लहान मॉडेल दाखवले. विक्री कमी करून सल्ला देणारा माणूस पुढेही खरे बोलतो, असा माझा अनुभव आहे.

अंतराचा विचार शांतपणे करावा. जवळचा विक्रेता सोयीचा खरा, पण फळी रिकामी असलेल्या जवळच्यापेक्षा शेतावर येऊन दुरुस्ती करणारी गाडी असलेला थोडा दूरचा विक्रेता अधिक उपयोगी पडतो. ती गाडी येण्याचे पैसे वॉरंटीच्या काळात कोण देणार, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे.

दरपत्रक लेखीच घ्या आणि दोन-तीन ठिकाणचे घ्या. त्यात मॉडेलचे पूर्ण नाव, टायरांचे माप, पुढची वजने, कमान, घरपोच पोहोचवण्याचा खर्च, नोंदणी आणि विम्याचा खर्च, पहिल्या सर्व्हिसिंगचा खर्च हे सर्व वेगवेगळे लिहिलेले असावे. वॉरंटी बहुधा महिने आणि तास अशा दोन्हींत दिलेली असते आणि जे आधी संपेल ते लागू होते. क्लच, टायर, बॅटरी यांना ती लागू आहे का, आणि सर्व्हिसिंग बाहेर केले तर ती रद्द होते का, हे वाचून मगच सही करा. कर्ज घ्यायचे असेल तर हप्त्याच्या आकड्यावर समाधान मानू नका. सर्व हप्ते, प्रक्रिया शुल्क आणि सक्तीचा विमा मिळून एकूण किती रक्कम जाणार हे लिहून मागा, आणि तोच ट्रॅक्टर रोखीने घेतल्यास किंमत किती हेही विचारा. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या योजनेत रोखीची सवलत काढून घेतलेली असेल, तर ती सवलत हेच व्याज आहे.

सातवी पायरी: स्वतःच्या शेतात चाचणी

शोरूमच्या अंगणात सगळे ट्रॅक्टर चांगले चालतात. चाचणी तुमच्या शेतात, तुमच्या मातीत, वाफसा असताना आणि तुम्हाला वापरायच्या औजारासह झाली पाहिजे. चालवणारे तुम्ही असा. सर्वांत अरुंद ओळीत शिरा, टोकाला वळा, उतारावर थांबून पुन्हा निघा. सीटवरून उतरल्याशिवाय मागचे औजार नीट दिसते का, हेही पाहा, कारण मान वळवून तासन्‌तास काम करायचे असते.

चाक किती घसरते हे मोजायला फक्त खडू आणि मोजपट्टी लागते. मागच्या टायरवर खडूची रेघ ओढा, औजार वर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि कापलेले अंतर मोजा. समजा ते ४० मीटर भरले. आता औजार मातीत घालून पुन्हा दहा फेरे मोजा. अंतर ३५ मीटर भरले तर घसरण साडेबारा टक्के झाली. मशागतीत ८ ते १५ टक्के घसरण योग्य समजतात. ती २० च्या वर गेली तर ट्रॅक्टर त्या औजारासाठी हलका आहे किंवा वजने कमी पडत आहेत. ५ च्या खाली राहिली तर उगाच जास्त वजन वाहून नेत आहात. विक्रेता अशी चाचणी द्यायला तयार नसेल, तर पुढचा विक्रेता पाहावा.

आठवी पायरी: ताबा घेताना आणि पहिले पन्नास तास

ट्रॅक्टर दारात उतरला की सही करण्याआधी तासांच्या मीटरवरचा आकडा, चेसिस आणि इंजिनाचा क्रमांक, टायरांवरचे निर्मितीवर्ष वहीत उतरवा. इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकमधील तेलाची पातळी, कूलंट, टायरांतील हवा आणि चाकांचे नट विक्रेत्याच्या माणसासमोर तपासा. वापरपुस्तिका, सुट्या भागांचे पुस्तक, दुसरी किल्ली आणि वॉरंटीची नोंद झाल्याचा कागद ताब्यात घ्या. ज्याने ट्रॅक्टर आणला त्याच्याकडून ग्रीसचे सर्व निपल मोजून दाखवून घ्या. पुस्तिकेतील चित्रात दिसणारे दोन-तीन निपल प्रत्यक्षात चाकामागे लपलेले असतात आणि वर्षानुवर्षे कोरडे राहतात.

पहिल्या पन्नास तासांत इंजिनावर पूर्ण ओझे सतत टाकू नये, तसेच ते नुसते मंद चालवत उभेही ठेवू नये. मध्यम ओझ्यावर, वेगवेगळ्या फेऱ्यांवर चालवले की रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसतात. पहिल्या दिवसाच्या कामानंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. बहुतेक ट्रॅक्टरांचे पहिले ऑइल आणि फिल्टर पन्नास तासांच्या सुमारास बदलायचे असते, कारण नव्या भागांच्या घर्षणातून सुटलेले लोखंडाचे बारीक कण त्यात उतरलेले असतात. तुमच्या यंत्राचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. हे सर्व्हिसिंग शेतावर न करता वर्कशॉपमध्ये करून घ्या आणि स्वतः तेथे उभे राहा. काढलेला फिल्टर मेकॅनिकला कापून उघडायला सांगा. घड्यांत करडी चकाकणारी भुकटी असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचेल असा धातूचा कपचा निघाला तर त्याचा फोटो काढून, त्याच दिवशीच्या जॉब कार्डावर तशी नोंद करून घ्या आणि विक्रेत्याची सही घेऊनच ट्रॅक्टर बाहेर काढा.